मुंबईहून सुट्टीला कुठे जावं? डोंगर, जुनं गाव आणि गावची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की आणि शाळांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये जिन्यातच मला थांबवून विचारतात, "तुम्ही सारख्या फिरता, आम्ही कुठे जाऊ ते सांगा ना." मागणी बहुतेकांची एकच असते. डोळ्यांना हिरवं दिसावं, मुलांना थोडा इतिहास कळावा, आणि नुसतं हॉटेलात लोळून परत येऊ नये. गेली वीसेक वर्षं मी घरच्यांना घेऊन एसटी, रेल्वे आणि लाँचने फिरते आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: पाच ठिकाणं उरकण्यापेक्षा एका गावात दोन रात्री काढाव्यात, आणि तारीख शक्यतो त्या गावाच्या जत्रेवरून, हंगामावरून ठरवावी. पुढची उत्तरं हे मत धरूनच लिहिली आहेत.

निसर्ग, जुनं गाव आणि तिथली संस्कृती, तिन्ही एकत्र मिळेल असं एकच नाव सांगा.

वाई.

मुंबईहून साधारण २४० किलोमीटर. पुणे ओलांडलं, खंबाटकी घाट चढून उतरला की सुरूर फाट्यावरून आत वळायचं. कृष्णेच्या काठाला घाटामागून घाट, वर पांडवगड आणि पाचगणीकडचे डोंगर. पहिल्या दिवशी काही बघायला जाऊ नका. सकाळी सहाच्या सुमारास घाटावर जाऊन नुसतं बसा. पायऱ्यांवर कपडे आपटल्याचा आवाज पलीकडच्या काठावरून परत येतो, कुणी पाण्यात उभं राहून अर्घ्य देत असतं, देवळात पहिली घंटा वाजते. मुंबईत आपण नदी म्हणजे काय ते विसरून गेलेलो असतो. इथे गावाचा अर्धा दिवस नदीवर जातो.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती प्रचंड आहे, सगळे ती बघतात आणि निघतात. तुम्ही देवळाच्या मागे नदीच्या अंगाला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत पुढे आलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा तिच्यावर येऊन दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो. त्या दगडावर एकदा हात फिरवून बघा. जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळ्या दगडाचा नंदी मुलांना आवडतो.

दुसऱ्या दिवशी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, चालतही जाता येतं. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घाट, घाटाशी देवळं. याच वाड्यातून मोडी कागदांचं मेणवली दफ्तर अभ्यासकांच्या हाती आलं. घाटाजवळच्या छोट्या दगडी बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. खाली उभं राहून वर नीट बघा. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू आहेत. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला खांद्यावर घेऊन ही आकृती दाखवली होती. तो आता कॉलेजात आहे, पण वसईची मोहीम त्याला त्या घंटेमुळेच लक्षात राहिली.

आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला वाईत आणखी एक जागा ओढून नेते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून उभं केलं. पहिला खंड १९७६ साली आला. प्राज्ञपाठशाळाही इथलीच. एवढ्याशा गावात एवढी विद्या कशी जमली असेल, हा विचार घाटावर बसल्यावर हमखास येतो.

वाई तर महाबळेश्वरच्या वाटेवरच लागतं. जाता जाता होत नाही का?

होतं, पण मग वाई पाहिली असं म्हणू नका. आम्हीही एकदा एका टूरच्या गाडीने तसंच केलं होतं. ढोल्या गणपतीपाशी वीस मिनिटं दिली, सासूबाई पायऱ्या उतरून नदीला हात लावेपर्यंत ड्रायव्हरचा हॉर्न सुरू झाला. "पॉइंट झाला, चला." सासूबाईंना कृष्णेत पाय बुडवायचे होते. त्यांचं माहेर कऱ्हाडचं, म्हणजे याच नदीचं. त्या गाडीत काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर गप्प होत्या. दुसऱ्या वर्षी मी त्यांना एसटीने नेलं आणि तीन दिवस वाईतच राहिलो.

उलटं करा. मुक्काम वाईत ठेवा आणि एक दिवस पसरणी घाट चढून वर जा. बाजारपेठेच्या गर्दीत न अडकता सरळ क्षेत्र महाबळेश्वर गाठा. तिथे पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. सकाळी तिथे ओंजळ भरायची आणि संध्याकाळी खाली येऊन वाईच्या घाटावर त्याच कृष्णेचं रुंद पात्र बघायचं. घाटातून उतरताना मध्ये धोम धरणाचा फुगवटा दिसतो. मुलांना भूगोलाचा वेगळा धडा द्यावा लागत नाही.

वाईला कधी जावं?

माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो. वाईच्या आळ्या, म्हणजे भीमकुंड, ब्राह्मणशाही, गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह, गंगापुरी, आपापल्या घाटावर पाळीपाळीने मांडव घालतात आणि कृष्णाबाईला आपल्याकडे आणतात. कीर्तन, गाणं, प्रसादाचं जेवण. उत्सव कुण्या एका देवस्थानाचा नाही, आळीतल्या माणसांचा आहे. आमच्या गिरगाव-परळच्या सार्वजनिक उत्सवांत जे जुनं घरगुतीपण होतं, ते मला इथे सापडतं.

रंगपंचमीला जवळच्या बावधन गावात बगाड निघतं. लाकडाचा अवाढव्य गाडा, त्याला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या, शीडाच्या टोकाला नवस बोललेला बगाड्या. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनच्या भैरवनाथापर्यंत शेतांमधून ते ओढत नेतात. लाखोंची गर्दी असते. लहान मुलांना घेऊन गाड्याच्या वाटेवर जाऊ नका, लांब बांधावरून बघा. मला स्वतःला बैलांचे हाल बघवत नाहीत, म्हणून मी एकदाच गेले. पण अख्खं गाव एका खांद्याने काम करताना बघायचं असेल तर तो दिवस विसरता येत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर साताऱ्याजवळचं कास पठार फुलांनी भरलेलं असतं. आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि शनिवार-रविवार टाळा.

आमच्याकडे दोनच दिवस आहेत आणि मुलांना समुद्र हवा. अलिबागला जावं का?

अलिबागला उतरा, पण तिथे थांबू नका. पंधरा-सतरा किलोमीटर पुढे चौल-रेवदंड्याला जा.

गेटवेवरून लाँचने मांडवा, साधारण तासभर. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस असते, तिकीट घेतानाच विचारून ठेवा. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, ती २०२० मध्ये सुरू झाली. अलिबागहून एसटी किंवा विक्रम रिक्षा.

चौल हे एके काळी मोठं बंदर होतं. ग्रीकांच्या लिखाणात त्याचं नाव येतं. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मधून लाल मातीची वाट, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पाटांचा आवाज. रामेश्वराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीखाली कुंडं आहेत: पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. पाऊस रुसला की गावाने पर्जन्यकुंड उघडायचं, अशी जुनी रीत. झाकलेल्या त्या फरशीशेजारी बसून गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ते ऐकावं. दत्ताच्या टेकडीवर दत्तजयंतीला मोठी जत्रा भरते.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत वसलेलं गाव. तटाला मोठमोठी झाडं फुटली आहेत, आत लोक राहतात, वाड्या करतात. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले पडले, उरलेले अजून उभे आहेत. १५व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला, वास्को द गामा यायच्या कितीतरी आधी. त्याचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे.

याच किनाऱ्यावर बेने इस्राएली लोक शेकडो वर्षं राहिले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी सुट्टी पाळायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. बहुतेक जण इस्राएलला गेले, पण रेवदंड्यात आणि अलिबागेत त्यांची प्रार्थनामंदिरं आहेत. त्यांची घरची भाषा मराठीच, आणि नवस फेडायला ते मलिदा करतात. मलिदा या शब्दानेच मला ते लोक आपले वाटतात.

कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईला जा. किल्ल्याची सोंड समुद्रात घुसलेली आहे, वरून एकीकडे खाडी आणि दुसरीकडे खुला समुद्र दिसतो. पण कोर्लईतली खरी दुर्मीळ गोष्ट म्हणजे तिथली बोली. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती वस्तीने पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली आपली भाषा आजवर टिकवली आहे. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर उरलेत. चर्चजवळ कुणी निवांत भेटलं तर एखादा शब्द विचारा, आनंदाने सांगतात.

हिवाळ्यात गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून मडकं शेतात उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवतात. पाणी नाही, तेल नाही. मडकं उघडलं की भांबुर्ड्याचा जो कडसर वास येतो तो दुसऱ्या दिवशीही हाताला असतो. रिसॉर्टमध्ये मागवू नका. ज्यांच्याकडे उतराल त्या घरी एक दिवस आधी सांगा.

कोकणात खाली जायचं आहे. किती दिवस धरू?

चार रात्रींच्या खाली तळकोकणाला जाऊ नका. आणि मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, शिरोडा, गोवा अशी माळ ओवू नका. माझी शिफारस सावंतवाडीची. दोन रात्री सावंतवाडी, दोन मालवण.

सावंतवाडीत मोती तलावाभोवती संध्याकाळी चाललात की गावाची ओळख होते. तलावासमोर राजवाडा. तिथल्या दरबारात कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२०. ही कला जवळजवळ विझली होती. राजे शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती उचलून धरली, राजमाता स्वतः रंगवायला शिकल्या. तासभर थांबा. एका टीचभर पानावर मासा, कासव, वराह उमटताना बघायला मिळतात. कुंचल्याचं टोक इतकं बारीक असतं की कारागीर श्वास रोखून रेघ ओढतो. मुलं आपोआप गप्प बसतात.

चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं. तिथला लाकडी आंबा, काजू, केळं हातात घेतलं तर वजनावरूनच कळतं की हे खरं नाही. आमच्या घरी वीस वर्षांपूर्वी घेतलेलं सीताफळ अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. घासाघीस करू नका. एका फळावर किती हात फिरतात ते दुकानामागे डोकावलात तर दिसेल.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. चित्रांची पोथी मांडीवर, एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातलं आख्यान गातात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी तिथे छोटं संग्रहालयही उभं केलं आहे. जाण्याआधी फोन करा म्हणजे खेळ बघायला मिळतो.

मालवणला सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकामाचा मुहूर्त केला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीतून उतरलात की गोमुखी दरवाजातून आत शिरताना मागे वळून बघा. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही त्याच्या बांधणीची करामत.

दशावतार खरंच बघायला मिळतो का, की फक्त हॉटेलच्या कार्यक्रमात?

हॉटेलच्या कार्यक्रमात बघू नका. तो तासाभराचा, माईक लावलेला असतो आणि बघणारेही सगळे आपल्यासारखेच बाहेरचे असतात. खरा दशावतार कार्तिक पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रांत होतो, रात्रभर.

देवळापुढे एक बाक, हार्मोनियम, पखवाज, झांज. आधी गणपती, मग काळ्या वेषातला संकासुर लाल जीभ काढून येतो आणि मालवणीत असा बोलतो की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसून हसून लोटपोट होतात. त्यानंतर आख्यान. संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी कथा ठरते आणि रात्री राजा, राक्षस, राणी उभ्या उभ्या संवाद रचतात. राणीचं काम पुरुषच करतात. पहाटे दहीकाला, म्हणून गावात या खेळालाच 'धयकालो' म्हणतात. शाल, पाण्याची बाटली आणि बसायला सतरंजी न्या. रात्री दोनच्या सुमारास जत्रेतल्या खाज्याची पुडी आणि चहा.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा बघायची असेल तर तारीख आधीपासून धरता येत नाही. ती देवीचा कौल घेऊन ठरवतात. जाहीर झाली की लालबाग-परळमधले चाकरमानी त्याच दिवशी तिकिटांमागे लागतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादं मालवणी कुटुंब असेल तर तारीख पहिल्यांदा त्यांनाच कळते.

गाडी नाही. एसटी-रेल्वेने हे सगळं जमतं?

जमतं, आम्ही बहुतेक वेळा असंच गेलो. सावंतवाडीला दादरहून तुतारी एक्सप्रेस आहे. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, यात खूप जण फसतात: ती मध्यरात्र उलटताच सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि गणपतीचं तर मिनिटांत संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून घ्या.

वाईला मुंबईहून थेट एसटी मिळाली तर उत्तम. नाहीतर पुण्यापर्यंत रेल्वे आणि स्वारगेटहून वाई. पुढे सांगितलेल्या ठिकाणांपैकी जुन्नरला कल्याणहून मुरबाड-माळशेजमार्गे. जव्हारलाही एसटी आहे, पण आजूबाजूच्या पाड्यांवर जायला जीप ठरवावी लागते.

मुलं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

नाणेघाटात न्या. मुक्काम जुन्नरला. तिथून घाटमाथ्यापर्यंत रस्ता आहे, मग थोड्या पायऱ्या उतरून गुहा.

सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल या दगडी खिंडीतून वर जुन्नरला जायचा. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकात टाकत असं म्हणतात. गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत, देशातल्या सर्वांत जुन्या अंकखुणांपैकी हे आहेत. मुलांना सांगा, यात आकडे शोध. माझ्या भाचीने बॅटरी धरून अर्धा तास शोधले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. वर नावं आहेत, सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी. पुतळे गेले, फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत. "मावशी, माणसं कुठे गेली?" हा प्रश्न तिने विचारला आणि परतीच्या वाटेवर मोबाइल मागितला नाही.

शिवनेरी तर आहेच. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी आहे. सात दरवाजे एकेक करून चढा, शिवाई देवीपाशी थांबा.

जुन्नरला पाडव्याच्या आसपास गेलात तर नारायणगावात डोकवा. यात्रा-जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला तमाशाचे फड तिथे राहुट्या टाकतात. हे विठाबाई नारायणगावकरांचं गाव. आणि संध्याकाळनंतर उसाच्या शेतांकडे भटकू नका. या तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, गावकरी सांगतात ते ऐका.

आम्ही शाकाहारी आहोत, जेवणाचे हाल होतील का?

अजिबात नाही. जुन्नर भागात मासवडी खा. नावात मास असलं तरी ती बेसनाची वडी असते, पोटात तीळ, खोबरं, कांदा, लसूण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. तळकोकणात घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, खापरोळ्या, सोलकढी. रेवदंड्याकडे हंगामात वालाचं बिरडं आणि अलिबागचा पांढरा कांदा. वसईत गेलात तर राजेळी केळ्यांची सुकेळी.

आई-बाबांचे गुडघे दुखतात.

वाई आणि सावंतवाडी निवडा. वाईच्या घाटाच्या पायऱ्या आहेत, पण वरच्या पायरीवर बसूनही नदी तेवढीच दिसते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला तीनेकशे पायऱ्या आहेत, डोलीवाले असतात. सिंधुदुर्गला होडीत चढता-उतरताना दोघांनी हात द्या, लाट आली की होडी धक्क्यापासून सरकते. खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेली मागा, फोनवरच स्पष्ट विचारा.

पावसाळ्यात कुठे?

समुद्राकडे नको. गेटवेच्या लाँच बंद असतात, सिंधुदुर्गच्या होड्याही. रो-रो हवामान बघून चालते. माळशेजला दरडी पडतात, गाडी धबधब्याखाली लावून उभे राहू नका.

जव्हारला जा. मुकणे राजांचं छोटं संस्थान, जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, भाताची खाचरं. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते. वारली चित्र घ्यायचं असेल तर इथे पाड्यावर, काढणाऱ्याच्या हातून घ्या. मूळ चित्र लग्नाच्या घरात सवाष्णी काढतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, मध्ये पालघट देवी, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणत नाही तोवर लग्न पुढे सरकत नाही. कापडावर, कागदावर ते चित्र जगभर नेलं जिव्या सोमा मशे यांनी. उन्हाळ्यात याच भागात बोहाडा असतो. मुखवटे घातलेली देव-दैत्यांची सोंगं मशालीच्या उजेडात रात्रभर नाचतात.

आंबोलीचा पाऊसही अनुभवण्यासारखा आहे, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी. रात्री जाणत्या वाटाड्याबरोबर बेडूक बघायला निघा. आंबोलीच्या नावाचा भेक त्या पठाराबाहेर क्वचितच सापडतो.

एकच दिवस आहे, रात्री घरी परतायचं आहे.

वसई. चर्चगेटहून विरार लोकल, वसई रोडला उतरून किल्ल्याची बस. मेणवलीची ती घंटा जिथून निघाली ते हे गाव. पडक्या चर्चच्या कमानींतून आता वड-पिंपळ वाढले आहेत. बाहेर कोळीवाडा, खाडीवर होड्या, पुढे वाड्या आणि सामवेदी बोली. जपानमध्ये १५९७ साली हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. नालासोपाऱ्याचा स्तूपही आहे, त्यासाठी वसई रोडच्या पुढच्या स्टेशनावर उतरायचं. शनिवार-रविवारी किल्ल्यात लग्नाआधीच्या फोटोंची गर्दी असते, सकाळी आठच्या आत पोचा.

तेवढाही वेळ नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. पावसाळ्यात तिथल्या टाक्यांत पाणी खळखळत उतरताना बघा.

जत्रेत, उत्सवात बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का? फोटो काढावेत?

जाणं चालतंच, लोक आग्रहाने जेवायला बसवतात. पंगतीत बसलात तर ताट पूर्ण संपवा आणि वर्गणीची पावती फाडा. फोटो मात्र विचारून. अंगात आलेल्या बाईचा, गाभाऱ्याचा, लग्नचौकाचा फोटो नकोच. दशावतारात फ्लॅश मारू नका, नट गांगरतो. कारागिराचा व्हिडिओ काढलात तर निदान एक वस्तू विकत घ्या.

गावात कुणाचीच ओळख नाही. खऱ्या गोष्टी कळणार कशा?

एसटी स्टँडच्या चहावाल्याला विचारा, देवळातल्या गुरवाला विचारा, आणि प्रश्न "इथे बघण्यासारखं काय आहे?" असा विचारू नका. त्यावर ते तुम्हाला पॉइंटच सांगतील. "आज गावात काय आहे?" असं विचारा. आम्हाला वाईत असंच एका फुलवालीने सांगितलं होतं, "गंगापुरीला जा, आज तिकडं कीर्तन हाय." आम्ही पोचलो तेव्हा बुवांनी नुकती वीणा उचलली होती, आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांनी सरकून सासूबाईंना जागा करून दिली.